बद्द वाजणारा डोंगर

माझा मामा कुठलीही वस्तू वापरायला घेण्याआधी ठोकून बघतो. दार, नवी खुर्ची, दवाखान्यातलं टेबल, काहीही असो. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचं, मान जराशी तिरपी करायची आणि निकाल द्यायचा. एकदा बँकेच्या मॅनेजरला त्यानं तोंडावर सांगितलं की तुमच्या मागच्या भिंतीचं प्लास्टर सुटलंय, खुर्ची पुढे घ्या. मॅनेजर हसला. दोन महिन्यांनी प्लास्टर पडलं, नशीब की सुट्टीचा दिवस होता. तेव्हापासून त्या बँकेत मामाला रांगेत उभं राहावं लागत नाही.

त्याचा तरी काय दोष? तांब्याच्या खाणीत अठ्ठावीस वर्षं त्यानं हेच केलं. सकाळची पाळी आत जाण्याआधी मामा एकटा आत जायचा. हातात स्वतःच्या उंचीपेक्षा हातभर लांब लोखंडी सळई, डोक्यावर दिवा आणि खिशात खडू. चालता चालता वरचं छत ठोकायचं आणि ऐकायचं. कातळ धड असला की खणखणीत वाजतो. आत फट पडून वरचा थर सुटला असला की बद्द वाजतो. खणखणीत वाजला तर खडूनं एक रेघ, बद्द वाजला तर फुली. फुली पडली की त्या जागेखालून कोणी जायचं नाही, मग तो मजूर असो नाहीतर खाणीचा मालक. आणि फुली पुसायचा हक्क ती मारणाऱ्या एकट्याचा. अठ्ठावीस वर्षांत मामाच्या रेघेखाली एकाही माणसाच्या डोक्यात खडा पडला नाही. हे तो स्वतः कधी सांगत नाही, मामी सांगते, आणि न विचारता सांगते.

मी त्याची भाची. माझी आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मामा आला, माझी पेटी दोनदा ठोकली, धड आहे म्हणाला आणि उचलून घरी घेऊन आला. मी त्याच्याच घरी वाढले. तिथे आवाज चढवल्याशिवाय कोणी कोणाचं ऐकत नाही, म्हणून मी तोंडाळ झाले असं माझं म्हणणं आहे. मामीचं म्हणणं मी उपजत तशीच आहे.

तांबं संपलं आणि खाण बंद झाली. शेवटची काही वर्षं तर सगळा डोंगर पोखरून उंदीरच निघत होता. पुढे चार वर्षांनी खाणीच्या कचेरीतल्या कोणाच्या तरी डोक्यात आलं की शहरातल्या लोकांना जुने बोगदे बघायला आवडतं, पैसे देऊन आवडतं. मग तोंडाशी फाटक बसलं, तिकिटाची खिडकी आली, आणि मला हेल्मेट वाटायचं नि नियम वाचून दाखवायचं काम मिळालं. मामाला तर बोलावणं धाडलं, कारण छत ठोकणारा दुसरा कोणी उरलाच नव्हता. रोज सकाळी तो आधी जाऊन येतो, रेघा मारतो आणि मग फाटक उघडतं.

वाट तशी लांब नाही. तोंडापासून चारशे पावलं आत, पायाखाली घोट्याएवढं गार पाणी, दोन्ही भिंतींवर तांब्याचे हिरवे ओघळ. दोन्ही बाजूंना आडवे फाटे फुटतात. एका ठिकाणी बोगदा एकदम रुंद आणि उंच होतो, त्याला खाणकामगार दिवाणखाना म्हणायचे. पुढे एक वळण लागतं, तिथे छत इतकं खाली येतं की उंच माणसाला मान खाली घालून जावं लागतं. वळणापलीकडे उजेड. डोंगराच्या पोटातून माणूस एकदम घळीच्या कडेला बाहेर येतो, त्या भोकाला सगळे खिडकी म्हणतात. तिथून खोदलेल्या पायऱ्यांनी घळीच्या तळाशी उतरायचं आणि दोन्हीकडच्या उंच कड्यांमधून, धोंड्यांवरून पाय टाकत, परत फाटकाशी यायचं. तासाभराचं चालणं. आत गेलेली माणसं बडबड करत जातात आणि बाहेर आली की थोडा वेळ गप्प असतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी मामानं पहिली फुली मारली. डावीकडच्या पहिल्या फाट्याच्या तोंडाशी. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पुढे महिना-दोन महिन्यांनी दुसरी, मग तिसरी. गेल्या वर्षी दिवाणखाना गेला, भिंतीच्या कडेनं जायला एक अरुंद पट्टा तेवढा उरला. एकूण सात फुल्या झाल्या. लोक यायचे, अर्ध्या ठिकाणी दोरी लावलेली बघायचे आणि तिकिटाच्या मानानं फसल्यासारखे परत जायचे. येणारे कमी झाले. मामा घरी येऊन दाराशी बसून राहायचा, बूटसुद्धा काढायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, डोंगर थकला. कधी म्हणायचा, यंदा घळीत पाकोळ्यासुद्धा आल्या नाहीत, पाखरांना आपल्या आधी कळतं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पाकोळ्या आल्या होत्या. घळीच्या कड्यांमध्ये त्यांची घरटी आहेत आणि त्या दिवसभर इतक्या ओरडतात की फाटकाशी उभं राहून नियम वाचताना मला घसा ताणावा लागतो. पण मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, उदास झालाय, बोलतो काहीतरी.

मग एका शुक्रवारी कचेरीतले साहेब आले. हे साहेब बोगद्यात कधी उतरलेले नाहीत. दुरून डोंगर साजरे, त्यातली गत. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि शांतपणे सांगितलं की आता एक वळण तेवढं उरलंय. तिथे फुली पडली तर तोंडापासून खिडकीपर्यंत जायला वाटच राहत नाही, मग दोन्ही बाजूंनी भिंत बांधून बोगदा कायमचा बुजवू. मामानं मान हलवली. म्हणाला, कालपासून वळण पाहिजे तसं वाजत नाहीये, मंगळवारी नक्की सांगतो. सोमवारी आमची सुट्टी असते. म्हणजे हातात चार दिवस होते.

त्याच संध्याकाळी कपांचं झालं. मामीनं त्याला सहा कप आणायला पाठवलं होतं, घरातले फुटून दोनच उरले होते. कप घ्यायची त्याची रीत ठरलेली. नखानं टिचकी मारायची, तडा गेलेला कप बद्द वाजतो. मामा तासाभरानं हात हलवत परत आला आणि म्हणाला, दुकानातल्या एकूण एक कपाला तडे गेलेत, काय माल ठेवतात हल्ली. मामी हसली. मीही हसले. हसता हसता मी उरलेल्या दोन कपांकडे बघितलं.

सगळ्या दुकानातले कप फुटके कसे असतील?

मग एकेक आठवायला लागलं. गॅसवरची किटली शिट्टी मारून मारून दमते आणि मामा शेजारी बसून पेपर वाचतो. मी त्याला आळशी म्हणायचे. मला तो सारखा म्हणतो, पुटपुटू नकोस, नीट बोल. माझा आवाज बारीक आहे. मामीला मात्र तसं कधी म्हणत नाही. मामीचा आवाज असा भारदस्त की फोनवर अनोळखी माणसं तिला काका म्हणतात. साहेबांचाही आवाज जाड. त्याला जाड ते सगळं ऐकू येत होतं, बारीक ते गेलं होतं. आणि कातळ धड असला की जो वाजतो, तो आवाज बारीकच असतो.

मी मामीला स्वयंपाकघरात गाठलं. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, "मला वर्षभर झालं कळून."

मला राग आला. मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"काय बोलू? त्याच्याकडे दुसरं आहे काय? शाळा चौथीपर्यंत, हात आता थरथरतात. एक कान तेवढा होता." मग पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाली, "मला वाटलं, उगाच चार फाटे बंद होतायत, होऊ देत. कोणी मरत तर नाहीये."

बरोबर होतं तिचं. उलटं असतं, बद्द कातळ त्याला खणखणीत वाटला असता, तर एव्हाना कोणीतरी मेलं असतं. पण आता प्रश्न वळणाचा होता. मी गप्प बसले तर एका धडधाकट बोगद्याला जिवंतपणी भिंत बांधणार होते आणि मामा उरलेलं आयुष्य तो डोंगर आपल्या डोळ्यांदेखत मेला म्हणून झुरणार होता. साहेबांना सांगितलं तर मामाच्या हातात चार ओळींचं पत्र पडणार होतं, तेही फाटकावरच्या सगळ्यांसमोर. आणि त्यालाच सांगायचं तर कोणत्या तोंडानं? ज्यानं मला मोठं केलं त्याला जाऊन सांगायचं की तुझं एकमेव जे होतं ते गेलं, आणि तुला पत्ताही नाही. मामी म्हणाली, तू सांग. मी म्हटलं, तू बायको आहेस. ती म्हणाली, बायकोनं सांगितलं की भांडण होतं. तिथेच विषय संपला.

त्यातून मनात एक शंका होतीच. मला कातळातलं काय कळतं? म्हणून शनिवारी सकाळी छत्री आत राहिल्याचं निमित्त करून मी त्याच्या मागोमाग गेले. त्यानं मला बजावलं की रेघ पडल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. वळणाशी पोचल्यावर त्यानं सळई उचलली आणि ठोकली. पितळेच्या भांड्याला चमचा लागावा तसा स्वच्छ आवाज निघाला, बोगदाभर गेला आणि परत आला. मामानं मान तिरपी केली, पुन्हा ठोकलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ऐकलंस? चाललं हेसुद्धा."

मी खाली बघून छत्री शोधायला लागले. अजून पुरतं बद्द नाही म्हणत त्या दिवशी त्यानं रेघ मारली, पण हात जड झाल्यासारखी मारली. रविवारीही तेच झालं. छत्री अर्थातच सापडली नाही.

सोमवारी सुट्टी. सकाळी मी म्हटलं, मामा, चल घळीत फिरून येऊ. तो म्हणाला, सुट्टीच्या दिवशी कोणी कामावर जातं का. पण निघाला. सळई घ्यायला विसरला नाही.

घळीत चालताना मामा कधी वर बघत नाही. अठ्ठावीस वर्षं छताकडे बघून त्याची मान धरते, म्हणून उघड्यावर आला की तो मानेला सुट्टी देतो. शिवाय गुडघा दुखरा, धोंडे निसरडे, नजर पायांशीच लागते. खिडकीखालच्या पायऱ्यांपर्यंत आम्ही आलो. दोन्ही कडे तिथे इतके जवळ येतात की वर आभाळाची नुसती पट्टी दिसते. एका सपाट धोंड्यावर मी त्याला बसवलं. मनात घोकून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना.

मी नुसतं म्हटलं, "मामा, वर बघ."

त्यानं मानेला हात लावून वर पाहिलं. वर पाकोळ्या होत्या. पन्नास असतील, शंभर असतील, कड्यांना घासून जात होत्या, वळत होत्या, पुन्हा येत होत्या. मामाचा चेहरा खुलला. आल्या की, म्हणाला. कधी आल्या?

"दोन महिने झाले. मामा, त्या ओरडतायत. आत्ता. माझे कान किटलेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पुन्हा वर बघितलं. किती वेळ बघत होता कोणास ठाऊक, त्याची मान थरथरायला लागली तरी त्यानं खाली केली नाही. मी त्याच्या हातावर हात ठेवला. तो काढून घेतला नाही आणि धरलाही नाही.

"कधीपासून?" शेवटी त्यानं विचारलं.

मला वाटलं पाखरांचं विचारतोय. म्हटलं, सांगितलं ना, दोन महिने.

"माझं विचारतोय."

मी सांगितलं, दोन वर्षं असावीत. पहिल्या फुलीपासून असेल. आणखी बोलणार होते, पण त्यानं हात वर करून थांबवलं, सळई उचलली आणि पायऱ्या चढायला लागला. गुडघ्याची तक्रार नाही, दम घेणं नाही. मी मागोमाग धावले.

वळणाशी येऊन तो थांबला. डाव्या हाताचा तळवा त्यानं छतावर सपाट टेकवला आणि उजव्या हातानं सळई ठोकली. ही रीत नवशिक्यांची. ज्याचा कान अजून तयार नाही त्यानं हात लावून ठोकायचं. थर सुटलेला असला तर हाताला झिणझिण्या येतात, धड असला तर कातळ ढिम्म राहतो. कान तयार झाल्यावर असा हात लावला तर सगळे हसायचे. मामानं तीस-पस्तीस वर्षांत हात लावला नसेल.

"सांग," तो म्हणाला.

"खणखणीत."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

मी म्हटलं, तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर एक तरी गोष्ट केली आहे का. ते त्याला पटलं असावं. त्यानं मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि परीक्षा घेतली. इथे ठोकलं, तिथे ठोकलं, मध्येच मुद्दाम दूर जाऊन खाणीच्या काळापासून सुटलेला म्हणून माहीत असलेला एक दगड ठोकला. तो बद्द वाजला, मी बद्द म्हटलं. पुन्हा खणखणीत, पुन्हा खणखणीत, बद्द. दर वेळी तो आधी स्वतःच्या तळव्याला विचारायचा आणि मग मला. एकदाही आमचं दोघांचं वेगळं आलं नाही.

मग आम्ही फुल्यांकडे गेलो. प्रत्येक फुलीच्या अलीकडे, रेघेखाली उभं राहून त्यानं सळई लांब करून ठोकली. हात पोचला तिथे हातानं पाहिलं, नाही पोचला तिथे चार-चारदा माझ्याकडून वदवून घेतलं. सातांपैकी पाच जागा खणखणीत होत्या, दिवाणखानाही. दोन खरोखरच सुटल्या होत्या, त्या फुल्या त्यानं तशाच ठेवल्या, वर आणखी ठळक केल्या. आणि मग दिवाणखान्यात येऊन तो एका दगडावर बसला, सळई मांडीवर आडवी घेतली आणि डोक्यावरचा दिवा बंद केला.

मला वाटलं, आता. आता हा माणूस कोसळणार, आणि मीच त्याला इथवर आणलं. मी माझाही दिवा खाली वळवला. त्याचा चेहरा बघायचं धाडस नव्हतं.

अंधारातूनच तो म्हणाला, "म्हणजे डोंगराला काही झालेलं नाही."

"नाही, मामा."

"अगं, मला वाटलं हा संपला. रोज सकाळी आत यायचो आणि वाटायचं, याचं आपल्याशिवाय कोणाला ऐकू येत नाहीये. एवढा मोठा जीव, आणि शेवटी जवळ मी एकटा." त्यानं नाक ओढलं. तो रडत होता आणि हसतही होता, दिवा नसूनही मला कळलं. "कान काय गं, जायचेच या वयात. माझे कान गेले ना? बरं झालं. फार बरं झालं."

मंगळवारी साहेबांना हे त्यानं स्वतः सांगितलं, फाटकावरच्या सगळ्यांसमोर आणि कोणी विचारायच्या आधी. डोंगर शाबूत आहे, कान माझे गेलेत, दोन वर्षं उगाच त्याची बदनामी केली. साहेबांनी एक तपासनीस पाठवला, त्यानं यंत्र लावून पाहिलं आणि आमच्यासारखंच सांगितलं. आता सकाळी आत आम्ही दोघं जातो. तो ठोकतो, मी ऐकते. खडू अजून त्याच्याच खिशात असतो, माझी अक्षरं तशीही वाकडी येतात.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी दिवाणखान्यात मामा उठला, दिवा लावला आणि फुल्या पुसायला निघाला. आधी बाहीनं, मग थुंकी लावून अंगठ्यानं, खडूचा कणही राहता कामा नये असा. पुसलेल्या जागी कातळावर तळवा ठेवून क्षणभर थांबत होता. त्याच्याकडे बघता बघता मला रडू फुटलं. चार दिवस आवरून धरलेलं सगळं एकदम आलं, हुंदके देऊन, लहान मुलीसारखं, आणि त्या रिकाम्या बोगद्यात ते केवढ्यानं घुमत होतं. मामा माझ्यापासून चार हातांवर पाठमोरा उभा होता.

त्याला ऐकू आलं नाही. त्यानं अंगठा शर्टाला पुसला आणि मागे न बघता, खुशीत विचारलं, "आता पुढची कुठली?"

मी तोंड धुतल्यासारखं पुसलं, घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या जाड आवाजात सांगितलं, "डावीकडची."